बिनहाताच्या खुर्चीने ऐकलेलं गाणं

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. घडीची, हिरव्या रंगाची आणि बिनहाताची. हिरवा रंग आता निम्माच उरला आहे, बाकीच्या अंगावर गंज चढला आहे. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात ११७ असा आकडा आहे. मित्रांनो, ते माझं वय नव्हे. निपाणीच्या मारुतीराव मांडववाल्यांच्या गोदामातला तो माझा नंबर. वयाने मी पस्तिशीची असेन, आणि स्वभावाने फार चौकस आहे. कोण आलं, कुठून आलं, आणि आल्यापासून सारखं चुळबुळ का करतंय, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्यावर बसणाऱ्यांना वाटतं, खुर्चीला काय कळतंय! त्यांना वाटू दे.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. तिथे मष्णूअण्णा नावाचे वेल्डर होते. रोज पिरनवाडीहून सायकल मारत यायचे. पाइप वाकवायचा, पत्रा ठोकायचा, जोड द्यायचा आणि खुर्ची उभी राहिली की तिच्यावर स्वतः बसून बशीतून चहा प्यायचा, हा त्यांचा नेम. बशीतला चहा हिंदकळला नाही तर खुर्ची पास. माझ्या वेळी चहा जरासुद्धा हिंदकळला नाही, हे मी आजही मान वर करून सांगते. पण त्या महिन्यात पाइप कमी आला होता, म्हणून शेवटच्या पन्नास खुर्च्यांना हात बसवलेच नाहीत. त्या पन्नासांतली मी एक. गोदामातल्या हातवाल्या खुर्च्या आम्हाला पहिल्या दिवसापासून नाकं मुरडायच्या.

मारुतीरावांनी आम्हाला टेम्पोत घालून निपाणीला आणलं आणि मग कामाला खंड पडला नाही. आज एखाद्या खेड्यात लग्न, उद्या संकेश्वरला ऊसवाल्यांची सभा, परवा शाळेचं गॅदरिंग. माणसं ओळखायची माझी रीत वेगळी आहे. तुम्ही तोंड बघून ओळखता, मी वजनावरून ओळखते. नवरीचा बाप काठावर बसतो, केव्हाही उठायला तयार. जावई मात्र पाय पसरून, पार मागे रेलून बसतो. भाषण लांबलं की माणूस डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर येतो, फारच लांबलं की पुन्हा डाव्या. गाणं सुरू झालं की मात्र गंमत होते. तीच माणसं, तीच खुर्ची, पण चुळबुळ थांबते. कुणाचा पाय ताल धरतो, कुणी पुढे सरकतं, कुणी श्वास धरून बसतं आणि मग एकदम सोडतं.

हे असं का होतं, हा मला पडलेला सगळ्यात मोठा प्रश्न. गाणारा माणूस गाताना दिसतो कसा, करतो काय, ते मला एकदा बघायचं होतं. आणि तेच जमत नव्हतं. कारण उघड आहे. मी स्टेजकडे तोंड करून असते खरी, पण माझ्यावर माणूस बसला की माझ्यासमोर त्याची पाठ! पंचवीस-सत्तावीस वर्षं मी सदरे, शाली आणि अंबाडे पाहिले. गाणारा एकही पाहिला नाही.

त्यातच एका गाण्याने माझी झोप उडवली होती. आमच्या भागात ते ठाऊक नाही असं माणूस नाही. खानापूरकडच्या जयाबाई हलशीकर यांनी ते तरुणपणी रेडिओवर म्हटलं होतं. लग्नात हळदीच्या सकाळी भोंग्यावर ते लागायचंच.

पाण्या, हळू चाल रे, माझी घागर... भरू दे
वाट उन्हाची माझी, मला सावली धरू दे

आता या टिंबांकडे नीट बघा. ‘माझी घागर’ म्हटल्यावर जयाबाई थांबायच्या. पेटी-तबला चालू राहायचा, पण बाई गप्प. दोन मात्रा सरल्या की ‘भरू दे’ यायचं, आणि ते असं यायचं की माझ्यावर बसलेलं माणूस हमखास श्वास सोडायचं. आमच्याकडे हे गाणं म्हणायचं तर तिथे थांबायचंच, असा रिवाज पडून गेला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरी ओळीने उभ्या राहून गायच्या आणि गुरुजी पडद्याआडून दोन बोटं दाखवायचे. न थांबणाऱ्या पोरीचे स्पर्धेत मार्क कापले जायचे. कन्नड शाळेतल्या पोरीसुद्धा हे मराठी गाणं पाठ करून, तिथे थांबून बक्षिसं न्यायच्या.

पण बाई तिथे का थांबल्या? गुरुजी म्हणायचे, विरहाचा भाव आहे. भजनी मंडळी म्हणायची, घागर भरायला वेळ लागतोय, ते दाखवलंय. कुणी म्हणायचं, दम लागला असेल. मी सगळ्यांची मतं ऐकली, तरी माझं समाधान झालं नाही.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. वजनाने हलक्या, रंगाने पांढऱ्या, आणि दोन्ही हात असलेल्या! एकावर एक वीस रचल्या तरी पोरं उचलून पळवायची. आमच्या घड्या घालताना बोटं चेमटायची, त्याचंही निमित्त झालं. मारुतीराव थकले, त्यांचा मुलगा ओमकार धंदा बघू लागला आणि आमची रवानगी भंगारात झाली. मी तेवढी उरले, कारण बल्ब बदलायला चढण्यासाठी काहीतरी लागतंच. आठ वर्षं मी गोदामाच्या कोपऱ्यात रंगाचे डबे सांभाळले. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटायचं. लोक बसले की पाठ दिसते म्हणून कुरकुरणारी मी, आता एखादी पाठ तरी दिसावी म्हणून झुरत होते.

गेल्या थंडीत एका दुपारी ओमकारला फोन आला. निपाणीजवळच्या एका गावातून दिव्या नावाची कॉलेजात जाणारी मुलगी बोलत होती.

“ओमकारदादा, आज्जीला प्लॅस्टिकची खुर्ची चालत न्हाय. मागं लग्नात खुर्चीचे पाय फाकले न् आज्जी पडली. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं. एखादी लोखंडी हाय काय तुमच्याकडं?”

“एकच हाय. जुनी हाय पण,” ओमकार म्हणाला.

“असू दे. आज्जी पण जुनीच हाय.”

डबे खाली उतरले, मी टेम्पोत चढले. कार्यक्रम कसला, हे मला वाटेत कळलं. गावातल्या जैन समाजाच्या छोट्या सभागृहात जयाबाई हलशीकर गाणार होत्या. मित्रांनो, माझ्या बिजागऱ्या थरथरल्या त्या काही खड्ड्यांमुळे नव्हे.

सभागृह खरंच छोटं होतं, दीडशे माणसं बसली की भरलं. दिव्याने ओल्या फडक्याने मला पुसलं, पहिल्या रांगेच्या टोकाला मांडलं आणि आज्जीला बसवलं. आज्जींचं नाव राजमती. शेतकरी घरातल्या, बोलायला फटकळ आणि अंगाने काटकुळ्या. बसल्या बसल्या त्यांनी मला दोन्ही हातांनी चाचपलं.

“ही बरी हाय बघ. मुकाट्यानं उभी ऱ्हाती.”

“आज्जी, आज तरी विचारणार काय बाईंना?”

“त्याच्याचसाठी आलोय न्हवं? लगीन होऊन ह्या घरात आले त्या वर्षी ते गाणं लागलं रेडिओवर. तुझा आज्जा म्हणाला, बाईला दम लागला. मी म्हटलं, दम लागलेलं माणूस असं थांबत न्हाय. ती कायतरी ऐकत हुती. पंचेचाळीस वर्षं हेच भांडण चाललंय आमचं. आता मालकांना डोळ्यांनी दिसत न्हाय, गर्दीत येत न्हाईत. निघताना म्हणाले, विचारूनच ये, न्हायतर घरात घेणार न्हाय.”

“आणि बाईंनी ते गाणं म्हटलंच न्हाय तर?”

“आता त्या कुठं जात न्हाईत गं फारशा. ह्या गावाला आल्या हेच नशीब. आज न्हाय तर मग कधीच न्हाय.”

मला हायसं वाटलं. माझ्यासारखं दुसरं चौकस माणूस जगात होतं तर! आणि नेमकं तेच माझ्यावर बसलं होतं.

आता आमच्या भागातल्या कार्यक्रमांची एक खोड सांगते. आमच्याकडे सत्काराला कुणाला वगळत नाहीत. आप्पासाहेबांना शाल दिली की अण्णासाहेब रुसतात, अण्णासाहेबांना दिली की त्यांचे मेव्हणे. त्यात प्रत्येकाचं कौतुक आधी मराठीत होतं आणि मग तेच्या तेच कन्नडमध्ये, कारण एका भाषेत केलं तर दुसरी मंडळी रागावतात. म्हणजे तोच नारळ दोनदा फोडल्यासारखं. कार्यक्रमाची वेळ साडेतीन ते साडेपाच होती. पावणेसहाला शेजारच्या मांडवात पंगत होती, आणि ती पुढे ढकलता येणार नव्हती. गावातली बहुतेक मंडळी जैन. सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. सूर्य सव्वासहाला मावळणार होता.

माइकवर वृषभ होता, समाजाचा तरुण सेक्रेटरी. बिचारा मनापासून राबत होता, पण यादी त्याच्या हाताबाहेर गेली होती. दूध सोसायटीचे चेअरमन झाले, माजी चेअरमन झाले, त्यांच्याही आधीचे झाले. मांडवाला वासे देणाऱ्यांचा सत्कार झाला, वासे वाहणाऱ्या ट्रॅक्टरमालकाचा झाला. रात्र थोडी आणि सोंगं फार, अशी गत. राजमतीआज्जी आधी डाव्या कुशीवर गेल्या, मग उजव्या. पाच वाजून वीस मिनिटं झाली तरी जयाबाई गायला बसल्याच नव्हत्या.

त्या स्टेजवरच होत्या म्हणे. मला दिसत नव्हत्या, आज्जींची पाठ आड येत होती. पण लोकांच्या बोलण्यातून कळलं की त्यांना मानाने बसवायचं म्हणून वृषभने नवरा-नवरीचं सिंहासन मागवलं होतं. तुम्ही पाहिलं असेल, लग्नात असतं ते: सोनेरी कड, लाल मखमल आणि हात ठेवायला दोन लाकडी सिंह. ओमकारच्या गोदामात ते माझ्याच शेजारी प्लॅस्टिक पांघरून असायचं आणि माझ्याशी एक शब्द बोलायचं नाही.

शेवटी जयाबाईंच्या हातात तंबोरा दिला गेला. सत्तरीतल्या बाई, गुडघे गेलेले, त्यामुळे खाली बसता येत नव्हतं. आणि सिंहासनात बसावं तर खाली गादीत कंबरेपर्यंत बुडायला होत होतं. तंबोरा सिंहाला अडत होता. त्यांनी दोनदा सूर लावून पाहिला आणि हसून माइकमध्ये म्हणाल्या,

“बाबांनो, तुमचा मान मोठा हाय, पण ह्या गादीत बसून माझा आवाज पोटातच ऱ्हातोय. एखादी साधी, बिनहाताची खुर्ची हाय काय?”

एकच पळापळ झाली. सभागृहात दीडशे खुर्च्या, आणि प्रत्येकीला दोन हात! वृषभ रांगा धुंडत आला आणि माझ्यापाशी येऊन थांबला.

“आज्जी, जरा उठता काय?”

“आणि ती कुठं बसंल?” दिव्या उसळली. “तिच्यासाठी मागवलीया ती.”

पण राजमतीआज्जी काठी टेकून उठल्यासुद्धा होत्या. “ने बाबा. बाई गायल्या पायजेत.”

दोघांनी मला उचललं. स्टेजची पायरी चढताना वरून आवाज आला, “थांबा! कुणाची खुर्ची काढलासा? त्या आक्का उभ्या हाईत न्हवं?” जयाबाईंनी स्वतःच फर्मान सोडलं की सिंहासन खाली न्या आणि आक्कांना त्यात बसवा. आणि खरोखर, काटकुळ्या राजमतीआज्जी पहिल्या रांगेत त्या लाल मखमलीच्या काठावर, दोन सिंहांच्या मधोमध बसल्या. सगळं सभागृह हसायला लागलं. मागून बाळाबाई नावाच्या त्यांच्या मैत्रिणीने हाक दिली, “राजमती, नवरा कुठं हाय गं?”

“घरी हाय. निरोपाची वाट बघतोय,” आज्जींनी तिथल्या तिथे उत्तर दिलं.

जयाबाई माझ्यावर बसल्या. मित्रांनो, ज्या गोष्टीसाठी मी सगळं आयुष्य हिणवून घेतलं, तिच्यासाठीच मला त्या दिवशी स्टेजवर नेलं गेलं. पण त्या वेळी माझ्या मनात आनंद कमी आणि भीती जास्त होती. माझी डावी बिजागरी गंजलेली. बाईंच्या पायाशी माइक. गाण्यात मी कुरकुरले तर काय तोंड दाखवू?

“आक्का, खुर्ची दिलासा. आता काय ऐकायचं ते सांगा,” जयाबाई म्हणाल्या.

“पाण्या, हळू चाल रे,” आज्जी लगेच म्हणाल्या.

सभागृहात खुशीची कुजबुज झाली. पण मला वरून वजन बदललेलं कळलं. बाईंनी दोन्ही पाय मागे ओढून माझ्या पायांना अडकवले होते.

“ते मी म्हणत न्हाय आता. लई वर्षं झाली. दुसरं सांगा.”

“बरं. मग तुमच्या मनाला येईल ते म्हणा,” आज्जी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पार पडला होता.

जयाबाईंनी एक कन्नड भजन घेतलं, मग एक मराठी. पेटीवर त्यांची शिष्या तेजस्वी होती. आणि मला दोन शोध लागले. पहिला असा, की गाणारं माणूस पाठ टेकत नाही. बाई माझ्या पुढच्या निम्म्या भागावर ताठ बसल्या होत्या आणि सूर लागण्याआधी त्यांचे तळवे जमिनीवर रोवले जात होते, म्हणजे गाणं गळ्यातून येतं असं आपण म्हणतो, पण ते निघतं पायापासून. दुसरा शोध असा, की मला गाणाऱ्याचं तोंड याही वेळी दिसणार नव्हतं, इथेही पाठच! पण बाईंच्या खांद्यावरून मला ऐकणाऱ्यांची तोंडं दिसत होती. ती मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्यावर बसून श्वास धरणारी माणसं त्या वेळी अशी दिसतात होय! रागीट वाटणारे चेअरमन अगदी पाच वर्षांच्या पोरासारखे तोंड उघडून बसले होते.

इतक्यात पंगतीची घंटा झाली.

लोक नाइलाजाने उठू लागले. खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या. कुणाचा दोष नव्हता, सूर्य काही सत्काराला थांबत नाही. वृषभ हात जोडून खालमानेने उभा होता. दिव्या आज्जींच्या कानाशी लागली, पण आज्जी सिंहासनावरून हलेनात.

“आक्का, जेवायला जावा,” जयाबाई म्हणाल्या. “दीस मावळायला आलाय. तुमचा नेम असंल.”

“नेम हाय. लग्नाच्याही आधीपासनं हाय. एक रात उपाशी झोपंन. पण ते गाणं ऐकल्याबिगार मी उठणार न्हाय. मला घरी जाऊन सांगायचं हाय.”

“काय सांगायचं हाय?”

“ते गाण्यानंतर विचारते.”

जयाबाईंनी पुन्हा पाय माझ्या पायांना अडकवले. पकड घट्ट झाली आणि मग सैल झाली. “तुम्ही माझ्यापायी उपाशी बसणार आणि मी न्हाय म्हणू व्हय?” असं म्हणून त्यांनी तेजस्वीकडे बघून मान हलवली.

‘पाण्या, हळू चाल रे’ हे शब्द निघाले आणि दाराशी गेलेली माणसं जागच्या जागी थांबली. आवाज पूर्वीचा नव्हता, थोडा जाडावलेला, थोडा कापरा. पण गाणं तेच होतं. माणसं परत आत आली. कुणी बसलं, कुणी उभंच राहिलं, आणि कुणी न सांगता सगळे बाईंबरोबर गाऊ लागले. पंगतीला वाढणाऱ्या बाया हातात पळ्या घेऊन दारात आल्या. सगळे मिळून म्हणाले, ‘पाण्या, हळू चाल रे, माझी घागर...’

आणि सगळं गाव थांबलं. थोरामोठ्यांपासून पोरांपर्यंत, एका दमात. जयाबाई तेवढ्या थांबल्या नाहीत. ‘भरू दे’ हे त्यांचे शब्द त्या शांततेत एकटेच पुढे गेले आणि गोंधळून विरले.

“बाई, चुकलं! तिथं थांबायचं असतंय,” माजी चेअरमन बोलून गेले आणि मग जीभ चावली.

लोक हसले. पण जयाबाई हसल्या नाहीत. “का थांबलासा तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“आम्ही कुठलं? तुम्हीच थांबताय!” आज्जी सिंहासनाच्या काठावर पुढे सरकल्या. “रेडिओवर. घागर म्हणताय न् थांबताय. तेच मला विचारायचं हाय. आमचे मालक म्हणतात दम लागला. मी म्हणते, तुम्ही कायतरी ऐकत हुता. का थांबलासा, बाई?”

“मी थांबले हुते?”

दिव्याने स्टेजवर येऊन मोबाइलवर ते जुनं गाणं लावलं आणि माइकला लावून धरलं. तरुण जयाबाईंचा आवाज आला. माझी घागर. दोन मात्रा. भरू दे. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा एकदा. मग त्या बोलल्या ते इतकं हळू, की माइक नसता तर फक्त मलाच ऐकू आलं असतं.

“मी हे कधी ऐकलंच न्हवतं. रेडिओ न्हवता तेव्हा घरात. रेकॉर्डिंगला गेले तेव्हा मला पाचवा महिना हुता. गाता गाता पोटात पोरानं पहिली लाथ मारली. घागर म्हटलं न् मारली. मला वाटलं, मी तशीच गात गेले. थांबले हुते हे मला आज कळतंय.”

आज्जींनी पदर तोंडाला लावला.

“दीड वरसाचं झालं न् गेलं ते. तापानं. त्याच्यानंतर मी हे गाणं कधी म्हटलं न्हाय, कुणी लावलं तर उठून जायची. त्याचा फोटोसुद्धा न्हाय माझ्याकडं. काढायचा ऱ्हाऊनच गेला. कायच उरलं न्हाय, असं वाटायचं मला.” त्यांनी समोर पाहिलं, दारातल्या पळीवाल्या बायांपर्यंत. “आणि तुम्ही सगळी पंचेचाळीस वर्षं त्याच्यासाठी थांबताय?”

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला रडता येत नाही. पण त्या दिवशी येत असतं तर बरं झालं असतं.

इतकी वर्षं हे बाईंना कुणी सांगितलं का नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कारण साधं आहे. प्रत्येकाला वाटलं, गाणं त्यांचं आहे, त्यांना ठाऊकच असणार. गुरुजींनी अर्थ लावला, भजनी मंडळींनी लावला, परीक्षकांनी मार्क कापले. बाईंना विचारलं मात्र कुणीच नाही. एक म्हातारी उपाशी राहायला तयार झाली, तेव्हा ते विचारलं गेलं.

आणि आज्जींनी आणखी एक प्रश्न विचारला. “त्याचं नाव काय हो, बाई?”

जयाबाईंना ते नाव ओठांवर आणायला वेळ लागला. “रवळू,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तंबोरा सरळ धरला आणि गाणं पहिल्यापासून घेतलं. या वेळी गावाने साथ केली नाही, सगळे ऐकत राहिले. ‘माझी घागर’ आलं आणि जयाबाई थांबल्या. पेटी थांबली, तबलाही थांबला. दोन मात्रा झाल्या, चार झाल्या, मी मोजायचं सोडून दिलं. बाईंचा एक हात तंबोऱ्यावरून खाली आला आणि पोटावर जाऊन राहिला. मी माझी गंजकी बिजागरी सगळ्या ताकदीनिशी धरून ठेवली. दीडशे माणसांच्या त्या सभागृहात कसलाच आवाज नव्हता. मग ‘भरू दे’ आलं, आणि खिडकीबाहेर सूर्य केव्हाच मावळला होता.

त्या संध्याकाळी गावातली निम्मी घरं उपाशी झोपली. पंगतीचा भात दुसऱ्या दिवशी गाईंच्या वाट्याला गेला. वृषभला कुणी बोल लावला नाही, त्याने मात्र यादीचा कागद फाडून खिशात घातला. राजमतीआज्जी जाताना जयाबाईंचा हात हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. घरी जाऊन आज्जींनी मालकांना काय सांगितलं, ते ऐकून ते काय म्हणाले, हे जाणून घ्यायला मी काय वाटेल ते दिलं असतं. पण मला टेम्पोत घातलं होतं.

मी पुन्हा गोदामात आहे. माझ्यावर डबे ठेवत नाहीत एवढाच फरक. ओमकारने बिजागरीला तेल घातलं आणि मला दारापाशी मांडून ठेवलं. जुन्या वस्तूंना जपा, असं मी तुम्हाला सांगावं अशी रीत आहे. जपा, पण माझं मागणं वेगळं आहे. तुम्हाला आवडणारं माणूस समोर आलं, आणि मनात काही विचारायचं असलं, तर ते विचारा. त्याला ठाऊकच असेल असं समजून गप्प बसू नका.

आणि आमच्या बाजूला कधी आलात, आणि कुणा पोरीने ते गाणं धरलं, तर ‘घागर’ म्हटल्यावर तुम्हीही थांबा. ती जागा रवळूची आहे.